नाव घातलेली भांडी

ऋषिराजने मागवल्या होत्या आठवणी, आणि लोक आणून देत होते भांडी.

मोबाईलवर त्याने सरळ लिहिलं होतं, की ओढ्याच्या पुलापाशी आमच्या आजोबांचं आमटी-भाकरीचं हॉटेल होतं, ते बावीस वर्षांपूर्वी पुरात गेलं, तेच आता त्याच जागी पुन्हा उभं करतोय. कुणाकडे जुना फोटो असेल, पुराची काही आठवण असेल तर कळवा, भिंतीवर लावू. फोटो एकही आला नाही. पत्र्याच्या हॉटेलाचे फोटो काढत बसायला त्या काळी कुणाला वेळ होता! पण ओढ्याच्या खालच्या अंगाच्या वस्त्यांवरून चार दिवसांत तीन ताटं आली, पाच पेले आले, एक झारा आला, आणि एका गृहस्थाने तर स्टोव्हची टाकी आणून दिली. हॉटेलात स्टोव्ह कधीच नव्हता. पण माणूस एवढ्या लांबून आला म्हणून ऋषिराजने तीही ठेवून घेतली.

रविवारी सकाळी त्याची आजी, दगडाबाई, नव्या पत्र्याखाली पोतं टाकून ती भांडी घासायला बसली. घासता घासता ती प्रत्येक ताटाच्या काठावरून अंगठा फिरवायची. तिला वाचता येत नव्हतं, पण आपलं नाव लांब आणि धाकट्या जावेचं आखूड, एवढं अंगठ्याला पुरेसं होतं. ताटं ती त्याप्रमाणे दोन ढिगांत लावत होती. बावीस वर्षं कुणाच्या तरी गोठ्यात नाहीतर माळ्यावर पडलेली भांडी हातात आली की तिला हसू यायचं आणि लगेच डोळेही भरून यायचे. मग ती पदराने तोंड पुसून ऋषिराजवर डाफरायची, की राख संपली, आण.

हॉटेलसाठी म्हणून भांडी कधी घेतलीच नव्हती. दत्तोबा आणि सावळाराम या दोघा भावांनी रस्त्याकडेला चार पत्रे ठोकले तेव्हा हाताशी होती ती दोघांच्या बायकांना लग्नात आलेली भांडी. सगळ्यांवर नावं घातलेली. कुणाच्या ताटावर 'दगडाबाई हिस बंधूंकडून, सणसर', कुणाच्या पेल्यावर 'बनाबाई हिस वडिलांकडून, पळसदेव'. बारामतीची एसटी थांबली की गिऱ्हाईकं चेष्टा करत, की आज दगडाबाईचं ताट द्या, बनाबाईच्या ताटात आमटी कमी मावते. आणि बनाबाई चुलीमागून ओरडायची, "मावती तेवढीच, तुमचं पोट मोठं झालंय!"

"आज्जी," ऋषिराज राखेची पाटी ठेवत म्हणाला, "निकिताचा फोन आला. निघाल्यात पळसदेवहून. बनाआजी बी हाय संगं."

दगडाबाईचा हात थांबला. तिने मान वळवून लिंबाखाली पाहिलं. तिथे तिचा नवरा, दत्तोबा, खुर्चीत बसला होता. मांडीवर चष्म्याचं घर, त्याखाली दुमडलेला कागद.

सगळं अडलं होतं त्या कागदावर. जागा दोघा भावांच्या नावावर. सावळाराम तीन वर्षांपूर्वी गेला. त्याच्या घरच्यांनी वालचंदनगरहून संमती देऊन टाकली होती. सावळारामची नात निकिता आणि दत्तोबांचा नातू ऋषिराज, दोघं चुलत भावंडं मिळून हॉटेल चालवणार होते. राहिली होती फक्त दत्तोबांची सही. आणि दत्तोबांनी जळोचीच्या घरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "हाटेल काढा. पर बनाबाई चुलीपाशी बसणार आसंल तर माझी सही न्हाय." का, ते सांगितलं नव्हतं. बावीस वर्षांत कधीच सांगितलं नव्हतं. आणि बनाबाईच्या हाताच्या, भाजलेल्या धान्य-मसाल्याचं येसर घातलेल्या आमटीशिवाय ते हॉटेल म्हणजे नुसता पत्राच होता, हे त्यांनाही माहीत होतं.

"तू बोल की त्येंच्याशी," ऋषिराज म्हणाला.

"मी? पंचावन वरसं बोलतीया. त्यांच्या कानावर जातं व्हय काय!"

*

दहाच्या सुमाराला लोक जमू लागले. बोलावलं नव्हतं कुणी, पण पुलापाशी चार माणसं दिसली की पाचवा गाडी लावतोच. एकाने पाणी गुडघ्याएवढं होतं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने त्याला वेड्यात काढून लिंबाच्या बेचक्याकडे बोट दाखवलं. तिसरा म्हणाला, हॉटेलची चूल तशीच पेटलेली वाहत गेली, आमच्या वडिलांनी पाहिली.

"आरं, पाण्यावर चूल पेटती व्हय?" दत्तोबांनी खुर्चीतून हाक मारली.

झालं. पुराची गोष्ट निघाली की दत्तोबा गप्प बसू शकत नसत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शहात्तराव्या वर्षीही त्यांचा आवाज पुलाच्या पलीकडे जायचा.

"दुपारचं बारा वाजल्यालं. लख्ख ऊन. हितं पावसाचा थेंब न्हाय. वरच्या अंगाला रातभर कोसाळला आसंल, आमाला काय ठावं? दिवाळी पंध्रा दिसांवर. एक कांद्याच्या टेम्पोचा डायवर जेवाय बसल्याला, तिसरी भाकरी चालली व्हती. आन आवाज आला. मला वाटलं, ट्रॅक्टर येतोय. बगतो तर वड्याला तांबडी भिंत! पाझर तलाव फुटल्याला. मी वराडलो, पळा! सगळी पुलावर पळाली. डायवर बी पळाला, पर ताट घेऊन."

"ताट घेऊन?" कुणीतरी मुद्दाम विचारलं. गोष्ट सगळ्यांनी दहादा ऐकली होती.

"ताट घेऊन! माझं हाटेल माझ्या डोळ्यांम्होरं चाललंय, पत्रं फडफडत्यात, बाकडी गेली, पिपं गेली, आन ह्यो बाबा पुलाच्या कठड्याला टेकून भाकरी कुस्करतोय. मला म्हनतो, मालक, आमटी झ्याक झालीया. आसंल तर जरा वाढा."

सगळे हसले. दत्तोबाही हसले, आणि हसता हसता त्यांची नजर शेडच्या कोपऱ्याकडे गेली. तिथे चूल होती. तिथे भल्या सकाळी सावळाराम फुंकणी घेऊन बसायचा, आणि पहिली वाटी आमटी थोरल्या भावासमोर आणून ठेवायचा. 'दादा, मीठ बघ.' पंधरा वर्षं रोज. दत्तोबांनी मीठ बरोबर म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकाला वाढत नसे. एकदाही मीठ चुकलं नव्हतं, तरी विचारायचा.

"आन सावळारामनाना कुठं व्हतं तवा?" जमलेल्यांपैकी एकाने विचारलं.

"त्यो नव्हता हितं," दत्तोबा म्हणाले, आणि गोष्ट तिथेच संपली. ती नेहमी तिथेच संपायची.

*

निकिताने छोटा हत्ती टेम्पो पुलाच्या अलीकडेच थांबवला. आजी म्हणाली होती, जरा थांब.

बनाबाईने काचेतून पाहिलं. रस्ता रुंद झाला होता, पूल नवा होता. लिंब मात्र तोच. त्या लिंबाखाली ती आणि आक्का, म्हणजे थोरली जाऊ दगडाबाई, दुपारची गर्दी ओसरली की पाय पसरून बसायच्या, एकमेकींच्या उवा काढायच्या आणि नवऱ्यांच्या नकला करायच्या. आक्का सावळारामची नक्कल करायची आणि ही थोरल्या दिरांची. तेवढाच काय तो तिचा आणि दत्तोबांचा संबंध. थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायचं नाही, हे तिने लग्नात ऐकलं ते आजवर पाळलं होतं, आणि त्यांनीही. काही सांगायचं झालंच तर 'तिला म्हणावं' आणि 'त्येंस्नी सांगा'. मध्ये सावळाराम नाहीतर आक्का असायची.

"आजी, आबा नाही म्हणाले तर?" निकिताने विचारलं.

"न्हाय म्हनलं तर परत जायाचं. पातेलं ठिवून जायाचं. त्ये हाटेलचं हाय." तिने पदर डोक्यावर नीट घेतला. "तुझा आजा ह्याच रस्त्यानं तीनदा जळोचीला गेला. तीनदा वट्यावर बसून पानी पिऊन आला. मला म्हनायचा, दादाचा राग खरा हाय. पूर आला त्या दिशी मी हितं पाहिजे व्हतो, मी तुझ्या म्हाईरी बसलो. मरस्तवर त्येच म्हनत गेला."

निकिताला हे माहीत होतं. तिच्या आजोबांनी वालचंदनगरच्या कॅन्टीनमध्ये अठरा वर्षं शेकडो माणसांची आमटी केली, आणि घरी आले की चुलीवरची आमटी चमच्याने चाखून कुणालाही न विचारता 'मीठ बरोबर हाय' असं स्वतःशीच म्हणायचे. लहानपणी तिला ती सवय गमतीची वाटायची.

गाडीच्या मागच्या बाजूला पातेलं दोरीने बांधलं होतं आणि त्याला धरून सिद्धूतात्या बसला होता. पळसदेवचा. हा ओढा जिथे मिळतो त्या धरणाच्या बॅकवॉटरला मासे धरण्यात जन्म गेलेला, बोलायला मिळालं की जेवण विसरणारा माणूस. पातेलं बनाबाईच्या भावाच्या माळ्यावरून उतरवायला म्हणून आला होता, आणि उतरवल्यावर 'मी बी येतो' म्हणून गाडीतच बसला.

*

छोटा हत्ती शेडपाशी उभा राहिला तेव्हा दत्तोबांनी पहिल्यांदा पाहिलं ते पातेल्याकडे.

पितळेचं, चाळीस माणसांच्या आमटीचं. उजवा कान तुटला होता तो त्यांनी स्वतः बारामतीहून तांब्याचे खिळे आणून बसवला होता. तो तांबडा डाग उन्हात लांबूनही दिसला. त्यांचं तोंड कडू झालं.

"ऋष्या," ते मोठ्याने म्हणाले, "त्यांला म्हणावं, हे पातेलं इतकी वरसं जितं व्हतं तितंच न्या."

मघाशी हसणाऱ्यांतले दोघे आपापल्या गाड्यांकडे सरकले. दगडाबाई राखेचे हात घेऊन उठली आणि सरळ बनाबाईपाशी जाऊन उभी राहिली. नवऱ्याच्या बाजूला नाही, जावेच्या बाजूला. पंचावन्न वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि ते दत्तोबांच्या लक्षात आलं.

"आक्का, त्येंस्नी सांगा," बनाबाई खाली बघत म्हणाली, "मी भांडायला न्हाय आले. भांडं द्यायला आले."

"आगं, हात लाव की मला, उतरवू त्ये," दगडाबाई म्हणाली.

"थांबा थांबा, मला उतरवू द्या!" सिद्धूतात्याने मागून उडी मारली. इथे काय चाललंय याचा त्याला पत्ताच नव्हता. "ह्या पातेल्याचा पहिला मान माझा. मीच धरल्यालं हाय ह्ये! दत्तोबा, तुमाला ठावं न्हाय. पुराच्या दुसऱ्या दिशी आमी होड्या काढल्या. पानी तांबडंलाल. लाकडं, कडब्याच्या पेंढ्या, मेलेली कोंबडी, काय काय आल्यालं. आन ह्ये पातेलं येड्या बाभळीत आडाकल्यालं, देवाच्या पालखीवानी डुलतंय! मी म्हनलं, ह्यात कुनाचं पोर तर न्हाय? बघितलं तर आत येक बेडूक बसल्याला."

लोक पुन्हा हसले. दत्तोबा हसले नाहीत. पण त्यांची मान वळली.

"कवा म्हनला?" त्यांनी विचारलं.

"पुराच्या दुसऱ्या दिशी. आन मग उनाळ्यात पानी हटलं तशी गाळात ताटं घावाय लागली, पेलं घावलं. कुणाचं हाय कसं कळायचं? शाळेच्या गुरुजीस्नी बोलावलं. त्यांनी एकेक नाव वाचलं. 'बनाबाई, पळसदेव.' आरं, ही तर आपल्याच गावची लेक! नेऊन दिलं तिच्या भावाकडं."

"हाटेलात का न्हाय आणून दिलं?" दत्तोबांचा आवाज विचित्र आला.

सिद्धूतात्याला प्रश्नच कळला नाही. "हाटेल व्हतं कुठं? आन नाव हाटेलचं कुठं व्हतं? नाव लेकीचं. लेकीचं भांडं सांडलं-लवंडलं तर म्हाईरीच जाणार की. पुरुषमानसाच्या हातात कशाला द्यायचं?"

"व्हय की," दगडाबाई सहज म्हणाली. तिचं लक्ष पातेल्याची दोरी सोडण्यात होतं. "माझी परात न्हाय का सणसरला आण्णाकडं पोचली? त्या पळसदेवच्याच मानसांनी कुणासंगं तरी धाडली. आण्णा मला पुढल्या वरसाला देऊन गेला."

"कुठली परात?" दत्तोबांनी विचारलं.

"कुठली काय! घरात येकच परात हाय. रोज जिच्यात तुमच्या भाकरीचं पीठ मळती ती."

*

दत्तोबा खुर्चीत बसून राहिले. कुणीतरी पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

पुरानंतर सहा महिने ते आणि सावळाराम दोघं मिळून गाळ काढत होते. रोज. पाट्यावर पाट्या. संध्याकाळी लिंबाखाली बसून नवं हॉटेल कसं बांधायचं ते बोलायचे. सावळाराम काडीने मातीत चूल आखायचा. पुरानं हॉटेल नेलं असं सगळे म्हणत, पण पुरानं नुसते पत्रे नेले होते. हॉटेल अजून होतं. ते त्या दोघांच्या बोलण्यात उभं होतं.

मग उन्हाळ्यात पळसदेवला बनाबाईच्या पुतणीचं लग्न निघालं. दत्तोबा मांडवाच्या मागच्या बाजूला हात धुवायला गेले आणि तिथे तीन दगडांवर पातेलं चढलेलं दिसलं. तांब्याच्या खिळ्याचं. शेजारी ताटं, पेले. त्यांनी एकेक उचलून वाचलं. बनाबाई, बनाबाई, बनाबाई. एकही दगडाबाई नव्हतं. पुराच्या आधी दोन दिवस सावळाराम बायकोला घेऊन टेम्पोतून माहेरी गेला होता, सासू आजारी म्हणून. ते दोन दिवस दगडाबाईने आमटी लहान पातेल्यात केली होती; मोठं पातेलं जागेवर आहे का, हे दत्तोबांनी पाहिलंच नव्हतं. दत्तोबांनी डोक्यातल्या डोक्यात गणित मांडलं आणि ते बरोबर आलं: आपलीच भांडी तेवढी उचलून नेली. वेगळं व्हायचं ठरवलं होतं यांनी, मला न सांगता. पूर मध्ये आला म्हणून झाकलं गेलं, एवढंच.

ते न जेवता उठले. आठ दिवसांत जळोचीला बिऱ्हाड हलवलं. सावळाराम 'काय झालं दादा' म्हणत टेम्पोमागे पुलापर्यंत चालत आला. त्याला काही सांगितलं नाही. सांगायला लाज वाटली होती, की सख्ख्या भावाला चार भांड्यांवरून कसं विचारायचं. भावजयीला विचारायची तर रीतच नव्हती.

आणि ती परात. रोज दोन वेळा, एकवीस वर्षं, भिंतीच्या पलीकडे तिचा आवाज येत होता. कधीतरी एकदा 'ही कुठून आली गं' एवढं विचारलं असतं तर! बायकांच्या भांड्यांत पुरुषांनी कशाला डोकं घालायचं, असं त्यांना वाटायचं. तिसऱ्या वेळेला सावळाराम जळोचीला आला होता तो पेरू घेऊन. ओट्यावर बसला. आत दगडाबाई त्याच परातीत भाकरी थापत होती आणि दत्तोबा जागे असून पांघरूण ओढून पडले होते.

"आबा?" ऋषिराज जवळ आला. "बरं वाटत न्हाय का?"

दत्तोबा खुर्चीच्या दांड्याला धरून उठले. कागद खाली पडला. ते चालत शेडपर्यंत आले आणि पातेल्याच्या अलीकडे थांबले. मध्ये दगडाबाई होती. तिला वाटलं, नेहमीसारखं 'तिला म्हणावं' येणार. ती ऐकायला पुढं झाली.

"तू जरा बाजूला हो," ते तिला म्हणाले. आणि मग, "बनाबाई."

बनाबाईने दचकून वर पाहिलं. हे नाव त्यांच्या तोंडून तिने समोरासमोर कधी ऐकलं नव्हतं.

"मला वाटलं, तुमी दोघांनी भांडी आदीच काढून नेली. मला सोडून वायलं व्हायाचं म्हनून. तुज्या पुतणीच्या लग्नात मी ह्ये पातेलं बगितलं. तवापास्नं माज्या डोक्यात त्येच." त्यांनी दगडाबाईकडे हात केला. "कुणाला सांगितलं न्हाय. हिलाबी न्हाय. माझं चुकलं."

सिद्धूतात्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

बनाबाईला रडू आलं नाही, राग आला. "भांडी?" ती म्हणाली. "भांड्यांपायी? त्यो मानूस मरस्तवर सवताला खात ऱ्हायला. म्हनायचा, म्या पुराच्या दिशी नव्हतो म्हनून दादा रुसला. दादा येकला पुरात उभा ऱ्हायला आन म्या सासुरवाडीत चा पीत व्हतो. मी म्हनायची, जाऊ द्या आता. त्यो म्हनायचा, न्हाय, माझी चूक हाय, दादाची न्हाय. येक सबूद इचारायचा व्हता आबा. येक!"

"व्हय."

"तुमाला रीत आडवी आली? मला इचारायला रीत आडवी आली?"

"व्हय," दत्तोबा म्हणाले.

दगडाबाई रडत होती. निकिताही रडत होती. ऋषिराजने मात्र खाली पडलेला कागद उचलला होता आणि तो कुणासमोर धरावा हे न कळून हातात घेऊन उभा होता. दत्तोबांचं त्याच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी हात पुढं केला, पेन मागितला, पातेल्याच्या पालथ्या झाकणावर कागद ठेवून सही केली आणि परत दिला. ज्याच्यासाठी महिनाभर घर धुमसत होतं ते काम असं उभ्या उभ्या झालं, आणि ऋषिराज सोडून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

बनाबाई चुलीपाशी जाऊन बसली. थोड्या वेळाने तिने सवयीने लाकडं सारखी केली. मग म्हणाली, "निके, गाडीतली येसराची पिशवी आण. आन आक्का, भाकरी तुमी थापा. मानसं जमल्यात, उपाशी धाडू नगा."

*

आमटीला उकळी येईपर्यंत बारा वाजले. वास रस्त्यावर गेला आणि दोन मोटारसायकली आपोआप थांबल्या. सिद्धूतात्याने तोवर बेडकाची गोष्ट आणखी दोनदा सांगितली होती. तिसऱ्या वेळी बेडकांची संख्या वाढली.

निकिता बाकड्यावर नवी ताटं घेऊन बसली होती. नाव घालायचं छोटं यंत्र तिने मागवलं होतं, पेनासारखं, चालू केलं की गुरगुरायचं. ताटांवर हॉटेलचं नाव घालायचं ठरलं होतं.

दत्तोबा येऊन तिच्यासमोर बसले. "पोरी, येका ताटावर मी सांगतो त्ये घाल."

"सांगा आबा."

त्यांनी घसा साफ केला. "'सावळाराम यास थोरल्या भावाकडून.'"

निकिताने मान वर केली नाही. यंत्र गुरगुरलं, थांबलं, पुन्हा गुरगुरलं. "'सप्रेम भेट' घालू?"

"घाल."

"आणि तारीख? पुराच्या वर्षाची घालू का?"

दत्तोबांनी लिंबाकडे पाहिलं, पुलाकडे पाहिलं. भाकरी थापणाऱ्या दगडाबाईच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

"न्हाय," ते म्हणाले. "आजचीच घाल. उशीर झाला त्यो दिसू दे."

बनाबाई चुलीपासून उठून आली. तिने ताट हातात घेतलं, अंगठा अक्षरांवरून फिरवला, आणि निकिताला वाचायला लावलं. एकदा वाचल्यावर म्हणाली, परत वाच. मग ताट पदराने पुसलं, चुलीपाशी नेलं, वाटीत आमटी घेतली, भाकरी ठेवली, कांदा फोडून ठेवला, आणि दत्तोबांसमोर आणून ठेवलं.

"आबा, मीठ बघा," ती म्हणाली.

दत्तोबांनी वाटीत बोट बुडवून जिभेला लावलं. मान हलवून त्यांनी बरोबर असल्याची खूण केली आणि तोंड झाकायला उपरणं वर घेतलं, उठण्यासाठी हात टेकला.

"बसा," बनाबाई म्हणाली. "लग्नातनं न जेवता उठला व्हता तुमी. आज जेवल्याबिगर उठायचं न्हाय."

दत्तोबा बसले. त्यांनी भाकरी मोडली.